टीकेचें पत्र आल्यावर

आपलें लिखाण छापून आलें म्हणजे लेखकाची दोन प्रकारच्या वाचकांशीं गांठ पडते. एक "ठीक आहे" असें म्हणून पान उलटतो, दुसरा एखाद्या शब्दापाशीं थांबून "हें असें कां लिहिलें?" असें विचारतो. पहिल्याचे आभार मानून मोकळें होतां येतें. दुसऱ्याशीं कसें वागावें हें मात्र शिकावें लागतें. या वार्षिकांत ज्यांचे निबंध प्रथमच छापले जात आहेत, त्यांस असा दुसरा वाचक लवकरच भेटेल. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टीका आम्हांस गोड लागते असें म्हणणें खोटें होईल. पत्र हातीं पडतांच प्रथम कान तापतात. मग उत्तर सुचूं लागतें, आणि तें टीकाकाराच्या वर्मीं कसें लागेल इकडेच सारें लक्ष जातें. अशा वेळीं आम्ही दोन थोर ख्रिस्ती लेखकांचा पत्रव्यवहार आठवितों.

संत जेरोम हे इ. स. ३८६ पासून बेथलेहेम येथें राहून ग्रंथलेखन करीत व जुना करार मूळ इब्रीवरून लॅटिन भाषेंत आणीत. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील संत ऑगस्टिन त्यांच्याहून वयानें लहान. पौलानें अंत्युखियांत पेत्रास सर्वांदेखत दोष दिला, ही गलतीकरांस पत्रांतील हकीकत आपणांस ठाऊक आहेच. जेरोम यांच्या मतें तो दोष खरा नव्हता. लोकांच्या हितासाठीं दोघां प्रेषितांनीं घेतलेलें तें सोंग होतें. ऑगस्टिन यांस हें पटेना. शास्त्रांत एके ठिकाणीं सोंग मानलें, तर मग विश्वास कोणत्या वचनावर ठेवावा, ही त्यांची शंका. सुमारें ३९५ व ३९७ या सालीं त्यांनीं ती पत्रांनीं कळविली. परंतु पहिलें पत्र नेणारा गृहस्थ बिशप नेमला गेल्यामुळें निघालाच नाहीं, आणि दुसऱ्याच्या नकला जेरोम यांस मूळ पत्र मिळण्यापूर्वींच इटलींत फिरूं लागल्या. आपल्यावरील टीका आपणांस सोडून इतरांनीं आधीं वाचावी, याहून लेखकास अधिक झोंबणारें काय असणार? जेरोम रागावले, आणि त्यांचीं उत्तरें तिखट झालीं. ऑगस्टिन यांनीं उलट तिखटपणा केला नाहीं. त्यांनीं क्षमा मागितली. मात्र आपला प्रश्न सोडला नाहीं.

याच पत्रव्यवहारांत ४०३ सालीं आणखी एक वाद निघाला. योनावर सावली धरणाऱ्या झाडास जुन्या लॅटिन भाषांतरांत भोपळा म्हटलें होतें. जेरोम यांनीं तेथें आयव्ही नांवाच्या वेलीचें नांव घातलें. ओएआ शहरीं, म्हणजे आजच्या लीबियांतील त्रिपोली येथें, हें नवें भाषांतर वाचलें जातांच लोकांनीं गलबला केला. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला शब्द गेला कोठें? मंडळी आपणांस सोडून जाईल या भयानें तेथील बिशपास जुना शब्द परत आणावा लागला. ऑगस्टिन यांनीं हें वर्तमान कळविलें, तेव्हां जेरोम यांनीं उत्तर दिलें कीं, मूळ झाड रुंद पानांचें, झपाट्यानें वाढणारें व स्वतःच्या खोडावर उभें राहणारें असून त्यास लॅटिनमध्यें नांवच नाहीं. हें वर्णन ऐकून आपल्याकडील शेतकरी चटकन्‌ म्हणेल, "हा तर एरंड!" आणि आजचे पुष्कळ विद्वानही तसेंच समजतात.

एका शब्दासाठीं इतका वाद म्हणजे एरंडाचें गुऱ्हाळ, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जेरोम यांस मूळ शब्दाची काळजी होती, ऑगस्टिन यांस ऐकणाऱ्यांच्या श्रद्धेची. आणि दोन्ही काळज्या खऱ्या होत्या. टीका बहुधा अशीच असते. टीकाकाराचें उत्तर चुकीचें असलें तरी ज्या दुःखांतून तो बोलतो तें दुःख खरें असूं शकतें.

आम्हीं एकदां उपासनेसाठीं एक प्रार्थना लिहिली होती. ती वाचली गेल्यावर मंडळींतील एक वृद्ध आजीबाई म्हणाल्या, "बाळा, शब्द मोठे सुरेख आहेत, पण ते माझ्या तोंडीं बसत नाहींत. मी देवाशीं बोलूं कशी?" त्या प्रार्थनेंतील दोन शब्द अर्थासाठीं अवश्य होते, ते आम्हीं ठेवले, आणि आजींच्या ओटीवर बसून त्यांचा अर्थ त्यांस सांगितला. तिसरा शब्द केवळ शोभेचा होता. त्याच्या जागीं त्यांच्याच बोलण्यांतला शब्द घातला. पुढच्या रविवारीं आजी मोठ्यानें प्रार्थना म्हणत होत्या. इतकें समाधान आम्हांस कोणत्याही स्तुतीनें दिलेलें नाहीं.

येथेंच श्रद्धेचा संबंध येतो. ज्यास आपली सारी किंमत आपल्या लेखांत आहे असें वाटतें, त्यास प्रत्येक टीका जिवावरचा घाव वाटते. परंतु देवानें आपल्यावर प्रीति केली ती आपला निबंध वाचून नव्हे. ती प्रीति आधींच मिळालेली आहे. म्हणून लेख टेबलावर ठेवून, जणूं तो दुसऱ्या कोणाचा आहे अशा रीतीनें, टीकाकाराच्या शेजारीं बसून तो पाहण्यास आपण मोकळे आहों. जें खरें असेल तें घ्यावें. जें पटत नसेल त्याचें कारण सौम्यपणें सांगावें. नम्रता म्हणजे प्रत्येकाच्या सांगण्यावरून आपला शब्द खोडणें नव्हे.

त्या दोघांचा स्नेह तुटला नाहीं. ४१५ सालीं आत्म्याच्या उत्पत्तीविषयींचा आपला कठीण प्रश्न ऑगस्टिन यांनीं जेरोम यांच्याकडेच पाठविला. पुढें सत्तरी उलटल्यावर त्यांनीं स्वतःचे ९३ ग्रंथ पुन्हां तपासून त्यांवर स्वतःच टीका लिहिली. दुसऱ्यांस दिलेलें माप त्यांनीं आपणांसही लावलें.

विद्यार्थीमित्रहो, टीकेचें पत्र आलें तर उत्तर त्याच रात्रीं लिहूं नका. आधीं प्रार्थना करा, मग लेख पुन्हां वाचा, आणि नंतर लेखणी उचला. आणि पालकहो, मुलाची वही तांबड्या शाईनें भरून घरीं आली, तर मुलावर किंवा गुरुजींवर रागावण्यापूर्वीं तिच्यांतील एकेक शेरा त्याच्याजवळ बसून वाचावा. ज्यानें तुमचें लिखाण इतक्या बारकाईनें वाचण्याचे श्रम घेतले, त्यानें तुम्हांस कांहीं तरी दिलेंच आहे.