रिकाम्या आसनांचें नगर

इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथील क्रायटीरियन गेम्स या संस्थेनें २००८ सालीं ‘बर्नआउट पॅरडाइज’ हा मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम काढला. त्यांतील नगर सर्वस्वीं मोकळें आहे. वाटेल त्या रस्त्यानें जावें, ४०० फाटकें फोडावीं, १२० जाहिरातफलक भेदावे. मोकाट सुटलेली नवी गाडी धडकेनें उलथविली, कीं ती आपल्याच भंगारखान्यांत जमा! टक्कर होतांच काळ मंदावतो. पत्रा चुरगळतो, कांच उधळते, चाक निखळतें, आणि आपण तें निवांतपणें न्याहाळतों. मोटारींत मात्र सारथि नाहीं; पदपथावर चिटपाखरूंहि नाहीं.

रक्त दिसत नाहीं म्हणून हा खेळ सौम्य, असें आमचे कांहीं स्नेही म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें, तर येथें करुणाचें आलंबनच काढून घेतलें आहे; उरला तो केवळ अद्भुत. (त्यानें आमचीहि एक संध्याकाळ गिळली, हें खरें.) माणूस वजा केला, कीं अपघाताची शोभा होते.

“आंत माणूस असता, तर मला गाडी उलथवितांच आली नसती, सर,” असें आमचा एक विद्यार्थी म्हणाला. आमची तक्रार आम्ही मागें घेतली नाहीं. पण आसन रिकामें आहे हें त्यानें पाहिलें होतें, याचें आम्हांस बरें वाटलें.