रात्रीची लाईट

आमच्या गावी 'लाईट' हा एकच शब्द तीन कामे करतो. दिवा म्हणजे लाईट, उजेड म्हणजे लाईट आणि वीज म्हणजेही लाईटच. 'लाईट आली' असे कोणी ओरडले की घरात उजेड झाला असा अर्थ आम्ही घेत नसू. विहिरीवरची मोटार आता सुरू होणार, असा घेत असू. जुन्नर तालुक्यातल्या या शब्दाकडे मी प्रथम नीट पाहिले ते अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात, घराच्या तळघरात, टोमॅटोच्या सहा रोपांपुढे बसून.

येथे डिसेंबरातला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची भीती असते. म्हणून शहाणी माणसे मार्चअखेरीस घरात बी रुजत घालतात आणि थंडी सरली की रोपे अंगणात नेतात. मला तेवढा धीर नव्हता. ऐन नोव्हेंबरात मी बुटक्या जातीचे बी आणले, ४० वॅटचे दोन एलईडी दिवे साखळीने छताला टांगले आणि तळघरात शेती मांडली. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'त तळघरातल्या अशा महिन्याला जागा नाही, हे खरे. पण आप्पांनी, माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षे टोमॅटो पिकवून नारायणगावच्या बाजारात नेला. त्यांच्या मुलीला पानांचा तो उग्र, बोटांना चिकटणारा वास हिवाळाभर मिळू नये, हे मला सोसवत नव्हते.

पहिली चूक अंतराची. दिवे उंच टांगल्यामुळे रोपे उजेडाच्या ओढीने लांबोडकी आणि पांढुरकी झाली. साखळी उतरवून दिवे वीतभर अंतरावर आणले तेव्हा ती सावरली. मग कळले की वारा नसेल तर खोड बळकट होत नाही. हलल्यावाचून त्याला जाड होण्याचे कारणच पडत नाही. आप्पांनी तार-बांबू करून, सुतळीने बांधून, जन्मभर झाडे वाऱ्यापासून राखली आणि मी पैसे देऊन पंखा आणला. फुले आली तेव्हा आणखी एक उणीव ध्यानात आली. टोमॅटोच्या फुलातले परागकोश एकमेकांना जुळून त्यांची नळी झालेली असते. ती थरथरली की पराग झडतो. शेतात ते वारा आणि गुणगुणणाऱ्या रानमाश्या करतात. तळघरात मी विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश देठाला टेकवीत असे. हे कोणी पाहू नये, असे मला वाटे.

दुसरी चूक मात्र मायेपोटी झाली. जानेवारीत बर्फाचे वादळ आले, चार दिवस बाहेर पडता येईना. बिचाऱ्या रोपांना या काळोख्या देशात उजेड द्यावा तितका थोडाच, असे वाटून मी दिव्यांचा टायमर काढला आणि ते २४ तास जळत ठेवले. दोन आठवड्यांत पाने पिवळट, डागाळलेली झाली. आप्पांना छायाचित्रे पाठवली. त्यांनी ती बराच वेळ निरखली असावीत. "करपा नाही. व्हायरस पण वाटत नाही. मॅग्नेशियम सोडून बघ," म्हणाले. सोडले; गुण आला नाही.

कारण वाचनात सापडले. टोमॅटोला अखंड उजेड मानवत नाही. रात्र मिळाली नाही तर पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. त्याचे भावंड वांगे, त्याचेही तसेच. काही रानटी टोमॅटोंना मात्र असा उजेड सोसतो, आणि त्या सोशिकपणाशी निगडित जनुक नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले. रानातल्या जातीपाशी असलेला हा गुण माणसाळलेल्या जातीपाशी नाही, यावर मी पुष्कळ वेळ विचार करीत बसले. असो. टायमर पुन्हा लावला. १६ तास उजेड, ८ तास काळोख. जुनी पाने सुधारली नाहीत. नवी हिरवी आली.

हे मी आप्पांना सांगितले तेव्हा ते हसले. "म्हंजे तुझ्याकडं पण रातचीच लाईट का गं?"

मला हसता आले नाही. शेतीची वीज तिकडे पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ठिबक आल्यापासून दारे धरावी लागत नाहीत, तरी मोटारीने पाणी उचलले का, फिल्टर तुंबला का, हे पाहायला जावेच लागते. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत. दिवसा वीज द्या, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी. अडुसष्ट वर्षांचे आप्पा एका हातात काठी, एका हातात बॅटरी घेऊन आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून बांधावरून जातात. त्या रात्री मी हिशेब मांडला. दोन दिवे, १६ तास: रोज १.२८ युनिट, चार महिन्यांत दीडशेहून अधिक. तेवढ्या विजेवर आप्पांची पाच हॉर्सपॉवरची मोटार पस्तीस-चाळीस तास चालली असती, तीही भर दिवसा, माझ्या इच्छेने.

मार्चमध्ये अकरा टोमॅटो पिकले. वास होता, चव पातळ होती. आप्पांनी विचारले, "काय भाव पडला?" २०२३ च्या मे महिन्यात भाव इतका कोसळला की त्यांनी उभे पीक उपटून टाकले होते आणि जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला तेव्हा त्यांच्या शेतात टोमॅटो नव्हता. त्यांना भावातले कळते. मी विजेचे बिल सांगितले नाही. "घरचेच आहेत," एवढेच म्हणाले.

आता मी त्यांना सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन करते. तिकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. पाळी रात्रीची असली तर ते ओट्यावर जागेच असतात. परवा मी नव्या रोपांबद्दल बोलत होते. मागे कोणीतरी ओरडले. "ठेव आता," आप्पा म्हणाले, "लाईट आली."