उगाळावा तितका

काशीगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची गाडी उभी असते. सकाळी तो लोखंडी इस्त्रीत कोळसे भरतो, तेव्हा एखादा खाली घरंगळतो. मी तो उचलून बघतो. हाताला वजन म्हणून लागत नाही. दुसऱ्या कोळशावर आपटला तर खापरासारखा वाजतो, आणि आडवा मोडला की आत झाडाची वर्तुळं दिसतात, जळून काळी झालेली, पण जागची न हललेली.

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं म्हणून आपण त्याला बदनाम करून ठेवलं आहे. मला मात्र त्याच्याइतका सच्चा साक्षीदार दुसरा माहीत नाही. लाकूड कुजतं, वाळवी त्याचा भुगा करते. कोळशाच्या वाटेला वाळवी जात नाही. विझलेल्या चुलीत, पडक्या भिंतीखाली, नदीच्या गाळात तो हजारो वर्षं गप्प पडून राहतो.

त्याच्याजवळचं घड्याळ त्याला झाडाकडून मिळालेलं असतं. अंतराळातून येणारे किरण वरच्या हवेत कार्बन-१४ तयार करत राहतात आणि हवेतून तो थोडा थोडा झाडात उतरतो. लाकडाचं एखादं वर्तुळ पुरं झालं की त्यातली आवक बंद, नुसती घट सुरू. दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातला निम्मा संपतो. ताज्या लाकडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला साधारण १४ अणू फुटतात. १४ ठोकेच म्हणा ना! साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात ते नवाच्या आसपास आलेले असतात. ठोके मोजायचे आणि वय काढायचं. ही रीत विलर्ड लिबी यांनी १९४९मध्ये शिकागोत सिद्ध केली आणि १९६०मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

साक्ष देण्याआधी बिचाऱ्याला काय काय सोसावं लागतं! आम्लात धुतात, अल्कलीत धुतात, शिरलेली मुळं चिमट्यानं उपटतात. मग त्याला पुन्हा जाळून त्याचा वायू करतात आणि त्या वायूतले ठोके मोजतात. वय कळतं तेव्हा कोळसा उरलेला नसतो. आपल्याकडे हे काम आधी मुंबईत झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६३मध्ये तारखांची पहिली यादी छापली. पुढे ही प्रयोगशाळा अहमदाबादला गेली, पण जुन्या उत्खनन-अहवालांत त्या तारखांपुढे ‘टीएफ’ ही अक्षरं अजून भेटतात. ती दिसली की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्यासारख्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं. घरं निघाली, चुली निघाल्या, घरांच्या जमिनीखाली रांजणात पुरलेली मुलं निघाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा त्या गावाचा काळ. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची इतकी जुनी हकीकत लिहून ठेवणारं तेव्हा कुणी नव्हतं. तिला सन मिळाले ते चुलीतल्या कोळशामुळे.

त्यालाही मर्यादा आहेत. झाड कधी वाढलं ते तो सांगतो, चूल कधी पेटली ते नाही. जुनाट खोडाच्या गाभ्यातला असेल तर शे-दोनशे वर्षं जास्तच सांगून बसतो. म्हणून जाणकार त्याच्या शेजारी पडलेला जवाचा जळका दाणाही मागतात. दाणा एकाच हंगामाचा, त्याची फसगत होत नाही.

आणि ५० हजार वर्षांच्या पलीकडे त्याचा आवाज बसतो. अर्ध्या तासात एखादा ठोका, तो ऐकायचा कसा? जवळचंच उदाहरण घ्या. काशीगावातून दहिसर, बोरिवली ओलांडलं की कांदिवली. १९३०च्या दशकात के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्यानं तिथल्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं शोधली होती. दगड कधी जिवंत नव्हता, त्याच्याकडे हे घड्याळ नाही. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला अशाच हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख सापडली, तेव्हा त्या राखेचं वय काढावं लागलं. अंदाज ७५ हजारांपासून १४ लाख वर्षांपर्यंत पसरले आणि वाद मिटला नाही. आपल्या थोरल्या पूर्वजांपुढे कोळसा हात टेकतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पण धाकट्या पूर्वजांचं तो नक्की सांगू शकतो. मढ, एरंगळ, मनोरी या आपल्याच साष्टीच्या किनाऱ्यावर टॉड यांना गारगोटीच्या नखाएवढ्या पात्या मिळाल्या होत्या. असल्या पात्यांजवळ एखादी विझलेली चूल मिळाली, तर इथल्या त्या जुन्या रहिवाशांना सन मिळेल. आणि आपण तर रोज पाया खणतो आहोत. काशीगावात, मिरा रोडला, घोडबंदरच्या वाटेवर पोकलेनचा दात जमिनीत शिरला की एका दुपारी हजारो वर्षांचे थर ट्रकमध्ये भरून जातात. त्यात काय होतं ते कुणी वाकून बघत नाही.

म्हणून सांगतो, खड्ड्याच्या कडेला मातीत काळा, राखट पट्टा दिसला आणि त्यात बारीक धारदार दगड असले, तर त्यातला कोळसा हातात घेऊ नका, कागदात किंवा कापसात गुंडाळू नका. हाताचं तेल, कागदाचा तंतू, सगळ्यात आजचा कार्बन असतो आणि त्यानं साक्ष बिघडते. फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला त्याच दिवशी कळवा.