एका लेन्सची गोष्ट

“गॅदरिंगचे फोटो कोण काढणार?” सेकंड इयरला असताना हा प्रश्न आला आणि अख्ख्या हॉस्टेलने माझ्याकडे बोट दाखवलं. कारण एकच. कॅमेरा फक्त माझ्याकडे होता. दादाने नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेला आणि पुढे मोबाईलच्या नादात कपाटात टाकलेला कॅनन १३००डी, आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात ना, तशी ज्याच्या हाती कॅमेरा ती फोटोग्राफर!

माझी लॅब पार्टनर त्या वर्षी पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती. ती डे-स्कॉलर. घर सोलापूरच्या पूर्वभागात, घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर कामाला. वडिलांना ती नान्ना म्हणते. गल्लीतल्या भजनात पेटी वाजवणाऱ्या नान्नांनीच तिला अभंग शिकवले. पण गॅदरिंगच्या दिवशी नेमकी त्यांची रात्रपाळी. मला कोपऱ्यात घेऊन ती म्हणाली, “एक फोटो नीट काढ की बे. नान्नाला दाखवायचाय.”

मी म्हणाले, “एक काय, शंभर काढते!”

शंभर नाही, एकशे चाळीस काढले. चौथ्या रांगेत बसून झूम शेवटपर्यंत ओढला, म्हणजे ५५ वर. स्टेजवर जांभळा उजेड, तोही बेताचाच. कॅमेऱ्याने आपल्या मनाने शटर धरलं १/१५ सेकंद. एवढ्या वेळात गाणाऱ्या बाईचा हात कुठल्या कुठे जातो! पडद्यावर बघते तर हाताच्या जागी धूर. मी घाबरले आणि फ्लॅश उघडला. ती डोळे मिटून आलाप घेत होती. डोळे उघडले त्याच क्षणी फ्लॅश पडला, थेट डोळ्यांत. ती दचकली, शब्द चुकली, तबला पुढे निघून गेला. मागच्या बाकांवरून “वन्स मोअर” अशी हुर्यो उठली. तिने सावरलं, गाणं पूर्ण केलं, टाळ्याही मिळाल्या. पण ते दोन सेकंद माझ्यामुळे गेले, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

रात्री रूमवर फोटो बघितले. एकशे एकोणचाळीस फोटोंत जांभळं भूत. एकच फोटो शार्प, तो फ्लॅशचा. त्यात तिचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा आणि डोळे अर्धे मिटलेले. “जाऊ दे की,” ती म्हणाली. तिने एकदाही मला बोल लावला नाही. चार दिवसांनी सहज सांगितलं, “नान्नाने दोनदा विचारलं, फोटो आला का म्हणून.” ते मात्र लागलं मला.

मग ठरवलं, पुढच्या गॅदरिंगच्या आत लेन्स घ्यायची. कुठली, ते मात्र माहीत नव्हतं!

भाऊबीजेचे आणि मेसच्या सुट्ट्यांचे मिळून साडेपाच हजार जमले. एका दुकानात गेले. काकांनी लगेच ५५-२५० काढून दाखवली. “मॅडम, ही घ्या. शेवटच्या रांगेतून नाकातली नथ दिसंल. वर हिला स्टॅबिलायझर आहे, हात हलला तरी चालतंय.” लेन्स लांबलचक, रुबाबदार. गळ्यात घातली असती तर लोकांनी आपोआप वाट दिली असती. मी घेतलीच होती जवळजवळ. पण पाकिटातले पैसे मोजता मोजता लेन्सच्या तोंडावरचे आकडे वाचले : ४-५.६.

आता आपण सगळे इंजिनिअरिंगचे, तेव्हा थोडं गणित चालेल. लेन्सवर लिहिलेला एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास. आकडा लहान, तर छिद्र मोठं. आणि प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे वर्गावर. एफ ५.६ च्या जागी एफ १.८ लावला तर ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, जवळजवळ दहापट प्रकाश! ज्या उजेडात माझ्या लेन्सला १/१५ सेकंद लागत होता, तिथे १/१५० पुरला असता. काकांची लांबलचक लेन्स २५० वर ५.६ च. म्हणजे नथ जवळ दिसली असती, पण हललेली! आणि स्टॅबिलायझरचं म्हणाल, तर तो फोटो काढणाऱ्याचा हात सावरतो. गाणाऱ्याच्या हातावर त्याचा काही इलाज नाही. १/१५ ला कॅमेरा दगडावर ठेवला तरी तिचा हात धूरच होणार.

मग लांबची आणि जास्त उजेड घेणारी लेन्स नसते का? असते की. मोठमोठ्या कार्यक्रमांत फोटोग्राफरकडे दिसते ती ७०-२००, एफ २.८. पण तेच सूत्र पुन्हा लावून बघा. २०० भागिले २.८, म्हणजे ७१ मिलिमीटरचं छिद्र. तेवढी मोठी काच घालायची म्हणून वजन दीड किलोच्या आसपास आणि किंमत लाखाच्या वर. आमच्या वर्षाच्या फीशी तुलना करून मी तो विषय तिथेच सोडला.

मोबाईल का नाही, असं रूममेटने विचारलं. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा. अंधारात तो पटापट बरेच फोटो काढून एकत्र करतो. समोरचा माणूस गप्प बसलेला असेल तर चित्र सुंदर येतं, पण तान घेत असेल तर त्याला तीन हात फुटतात.

शेवटी राहिली गरिबाची लेन्स. पन्नास मिलिमीटर, एफ १.८. वजन १६० ग्रॅम, मुठीत मावते. झूम नाहीच. सेकंडहँड मिळाली, साडेपाच हजारांत बसली. ८५ ची एफ १.८ सुद्धा बघितली होती. तिसऱ्या रांगेत बसून काढायचं तर ती जास्त बरी, पण किंमत कितीतरी जास्त. कॅननच्या या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा १.६ पट लहान असल्यामुळे पन्नासची लेन्स इथे ८० सारखी वागते. बसून गाणाऱ्या माणसाला ती बरोबर पुरते, पण एका अटीवर. तुम्ही त्याच्यापासून तीन मीटरवर हवे. चौथ्या रांगेतून अख्खं स्टेज येतं आणि गायिका मुंगीएवढी.

म्हणजे लेन्स आली आणि खरा प्रॉब्लेम सुरू झाला. तीन मीटरवर मला बसू कोण देणार? जिने मागच्या वर्षी डोळ्यांत फ्लॅश मारला, तिला?

याच काळात लायब्ररीत दयानिता सिंग यांची हकीगत वाचायला मिळाली. १९८० च्या दशकाची सुरुवात. त्या अहमदाबादच्या एनआयडीमध्ये शिकत होत्या, वयाने आपल्याएवढ्याच. झाकीर हुसेन यांच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेल्या आणि आयोजकाने ढकलल्यामुळे सगळ्यांसमोर पडल्या. कार्यक्रम संपल्यावर त्या सरळ झाकीरभाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या की आज मी विद्यार्थिनी आहे, एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन. मुंबईत जन्मलेल्या त्या तबलजीने हसून सोडून दिलं नाही, तिला येऊ दिलं. पुढे सहा हिवाळे त्या त्यांच्याबरोबर दौऱ्यावर फिरल्या आणि १९८६ मध्ये ‘झाकीर हुसेन’ हे त्यांचं पहिलं पुस्तक आलं. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही गोष्ट.

इकडे पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात सतीश पाकणीकर यांनी अनेक वर्षं कलावंतांचे फोटो काढले. सुरुवातीचे दिवस फिल्मचे, एका रोळात ३६ फोटो. आणि मी एका अभंगात एकशे चाळीस! ३६ मध्ये भागवायचं तर बटण कधी दाबायचं हे आधी कळायला हवं. ते कॅमेऱ्याच्या पुस्तकात नव्हतं.

ते मला लॅब पार्टनरनेच शिकवलं. मी कॉन्व्हेंटची. आमच्या कॉयरमध्ये चार-चारचे बीट मोजायचे आणि पुढे जायचं. ती म्हणाली, “तसं नाही बे. इथं फिरून परत यायचं असतंय.” मग कँटीनच्या टेबलावर, जर्नल लिहिताना, बसमध्ये, जिथे जमेल तिथे ती माझ्या हातावर ताल द्यायची. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिलीवर सम, नवव्या मात्रेवर खाली. अभंगाला बहुतेक भजनी ठेका, आठ मात्रांचा. तिच्याबरोबर मी हुतात्मा स्मृती मंदिरात गाणं ऐकायला जाऊ लागले. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाचं ते सभागृह. कॅमेरा बॅगेतच ठेवायचा, असा नियम केला होता. नुसतं बघायचं आणि मोजायचं. आणि हळूहळू दिसायला लागलं. समेकडे येताना गाणाऱ्याचा हात वर जातो, नजर तबल्याकडे वळते आणि समेवर हात खाली टेकतो. टेकल्यावर क्षणभर सगळं थांबतं. चेहऱ्यावर तेव्हा जे येतं, ते त्याआधीही नसतं आणि नंतरही नसतं. फोटो तिथे आहे! ज्याला सम कळते त्याला १/१०० सेकंदसुद्धा भरपूर होतो.

थर्ड इयरचं गॅदरिंग आलं. यावेळी मी आधी तिला विचारलं, मग तबल्यावरच्या ज्युनियरला, मग सरांना. रिहर्सलला जाऊन जागा ठरवली. स्टेजच्या डाव्या टोकाशी, खाली जमिनीवर मांडी घालून, म्हणजे मागच्या कुणाला माझं डोकं आडवं येणार नाही. तीन मीटर मोजून घेतले, टेपने! फ्लॅशवर काळी चिकटपट्टी मारली. एफ १.८ थोडं आवळून २.२ केलं. कारण एफ १.८ ला तीन मीटरवर शार्प भाग जेमतेम वीतभर खोल असतो. फोकस डोळ्यांवरून माईकवर घसरला की संपलं. आयएसओ १६००. शटर १/१००, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कितीतरी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि शटर त्याहून जलद ठेवलं तर फोटोत पट्टे येतात. हे रिहर्सलला कळलं ते बरं झालं.

तिने अभंग सुरू केला. मी पहिली दोन आवर्तनं नुसती मोजली. एकूण फोटो काढले एकवीस. अकरा बिघडले, त्यातल्या पाचांत शार्प माईक आणि धूसर गायिका. नऊ बरे. आणि एक...

तो एक मोठा प्रिंट करून मी स्वतः तिच्या घरी घेऊन गेले. शेजारच्या माग-खोलीतून खटाखट आवाज येत होता. नान्ना नुकतेच पाळीवरून आले होते, हाताला सूत लागलेलं. त्यांनी हात धुतले, पुसले आणि मग फोटो घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवडला नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, “ही ओळ कुठली?”

मी म्हणाले, “दुसरा अंतरा संपला, नान्ना. ध्रुपदाला परत आली, ती सम.”

त्यांनी मान हलवली. डाव्या हातात फोटो, उजव्या हाताची बोटं मांडीवर. एक, दोन, तीन, चार... आठ मोजले आणि एकावर हात टेकवला. तसाच, फोटोतल्यासारखा. माझी लॅब पार्टनर आत चहा करायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. फोटो आता पेटीच्या वरच्या फळीवर आहे.

मागच्या वर्षी नान्नांनी हाच प्रश्न विचारला असता तर मला उत्तर देता आलं नसतं. फोटो शार्प आला असता तरीही. त्या दुकानात मी लांबून जवळ दाखवणारी लेन्स घेतली असती तर चौथ्या रांगेतच बसून राहिले असते. पन्नासच्या लेन्सला झूम नाही म्हणून मला उठून जवळ जावं लागलं, जवळ जायला विचारावं लागलं आणि विचारायचं तर आधी ऐकावं लागलं.

ही लेन्स कुणाला वापरून बघायची असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये निरोप ठेवा, मी खाली आणून देईन. भाडं नाही, डिपॉझिट नाही. अट एकच. फ्लॅशवरची चिकटपट्टी काढायची नाही!