गाडीच्या तोंडाला फडकं

जुन्या गाडीच्या कार्बोरेटरवर एअर फिल्टर बसवणाऱ्यांची मी पंधरा-वीस वर्षं मनसोक्त टिंगल केली. ‘पैलवानाच्या तोंडाला फडकं बांधलंत की!’ हा माझा ठरलेला विनोद. आमच्याकडे 1930 सालची फोर्ड मॉडेल ए आहे, आजोबांपासून चालत आलेली. कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर फिल्टर नव्हताच. झेनिथचा कार्बोरेटर इंजिनाच्या खालच्या अंगाला, तोंड उघडं. हवा खालून ओढायची आणि वर सिलिंडरकडे पाठवायची. जे मुळात नव्हतं ते आपण लावायचं नाही, हे माझं सोवळं. शिवाय तिचा तो घुमणारा आवाज मला घराण्याच्या दागिन्यासारखा वाटायचा.

सोवळं पहिल्यांदा विटाळलं ते खंबाटकी घाटात. चढावर बायको काहीतरी बोलत होती आणि मी कळल्यासारखी मान डोलावत होतो. वर पोचल्यावर ती म्हणाली, “अहो, मी विचारलं की घरचा गॅस बंद केलात का, तर तुम्ही चक्क हसलात.” गॅस बंद होता, पण त्या प्रवासात आम्ही पुढे फारसं बोललो नाही.

उतारावर मात्र एक गंमत ध्यानात आली. गिअर चढावर होता तोच, इंजिनाच्या फेऱ्याही जवळपास तेवढ्याच. फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. आणि ते घुमणं गायब! उतारावर सायलेन्सरही दबक्या आवाजात बोलतो, त्यामुळे नुसत्या त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. तरी किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

पुढे वाचून समजलं ते असं. दर वेळी इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन हवा ओढतो, तेव्हा हवेत एक धक्का उठतो आणि तो आल्या वाटेनं उलटा, कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर पडतो. चार सिलिंडरचं इंजिन 1800 फेऱ्यांवर असेल तर असे धक्के सेकंदाला 60. कानापेक्षा छातीत जाणवणारा तो घुमारा हाच. पाय काढला की आतली झडप मिटते आणि धक्क्यांची वाट अडते. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं ‘इंजिनाचा दमदार आवाज’ म्हणत होतो, त्यातला बराचसा नुसता घोरण्याचा होता.

मग मी अर्धवट शहाण्यासारखं वागलो. नाना पेठेतून एक फोमचा फिल्टर आणला आणि क्लिपनं आवळून टाकला. वरचं फुसफुसणं गेलं, घुमारा तसाच. मऊ फोमनं बारीक आवाज मरतो, जाड आवाज त्याला दाद देत नाही, हे मला कुठे माहीत! आणि हवा अडल्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त, प्लग काळेकुट्ट. मॉडेल एमध्ये मिश्रण कमी-जास्त करायची मूठ चालकाच्या हाताशी असते, तिनं वेळ मारून नेली.

पण महिन्याभरात फ्लोटच्या सुईत कचरा अडकला. या गाडीत पेट्रोलचा पंप नाही; टाकी उंचावर, पेट्रोल आपसूक खाली येतं. सुई बसली नाही की ते कार्बोरेटरच्या तोंडातून ठिबकतं. तोंड उघडं असतं तर थेंब जमिनीवर पडले असते. इथे ते फोमनं प्यायले. सकाळी स्टार्टर दाबला, इंजिननं एक उलटी शिंक दिली आणि बॉनेटच्या फटीतून ज्वाळा. ओलं पोतं हाताशी होतं म्हणून गाडी वाचली, उजव्या बाजूच्या रंगाला मात्र फोड आले. यात दोष कार्बोरेटरचा नव्हता, फोमचाही नव्हता, माझा होता. तरी पुढचे सहा महिने मी ‘बघा, मी म्हणत होतो ना!’ असं सगळ्यांना सांगत फिरलो. या लेखात कबूल करायला सगळ्यात जड जातंय ते हे.

शेवटी आमच्या मिस्त्रींनी हात घातला. त्यांनी रेडिएटरच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा कार्बोरेटरच्या तोंडाला लावला, दुसरं टोक ऑइलच्या रिकाम्या डब्यात खुपसलं आणि म्हणाले, “साहेब, आता द्या रेस.” दिली. घुमारा निम्म्यावर आला. डबा काढला, पुन्हा आला. चार वेळा काढ-घाल करून पाहिली, मग गप्प बसलो. आवाज मरतो तो डब्याच्या पोकळीमुळे, फिल्टरमधली जाळी असते ती धुळीसाठी. 1930च्या दशकातल्या कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकांत या वस्तूचं नाव ‘एअर क्लीनर अँड सायलेन्सर’ असंच असायचं. माझं सोवळं त्या काळातल्या लोकांनीसुद्धा पाळलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी पत्र्याचा तीनेक लिटरचा डबा केला. आत तेलात बुडवून निथळलेली धातूची जाळी, हवा घ्यायला लांब नळकांडं आणि तळाला, अगदी खालच्या बिंदूवर, पेट्रोल निथळायला भोक. घाटात आता बोलता येतं. म्हणजे गाडी शांत झाली असं नाही. घुमारा गेल्यावर टॅपेटची टिकटिक आणि पंख्याची घरघर पुढे आली. ती मला अजून आवडते.

दोनशे किलोमीटरनंतर जाळी काढून रॉकेलमध्ये धुतली. पातेल्याच्या तळाशी बोटाला कचकच लागेल अशी तांबूस माती बसली. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत इंजिनाच्या बोअरिंगच्या दोन नोंदी आहेत, आणि दोन्हींचं खापर आम्ही घरात कायम भेसळीच्या ऑइलवर फोडत आलो होतो. पातेल्याकडे पाहत बसलो थोडा वेळ.

अस्सलपणाची टोचणी पूर्ण गेलेली नाही, खोटं कशाला सांगू. 2021च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाडी म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली, अशी व्याख्या आहे; चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आमचा डबा एका क्लिपवर उभा आहे, गाडीला एकही भोक पाडलेलं नाही. प्रदर्शनाच्या सकाळी तो काढून टूलबॉक्समध्ये ठेवतो आणि परतीच्या वाटेला लागताना पुन्हा चढवतो.

ज्यांची टिंगल केली त्यांची माफी मागून झाली आहे. तुमच्या गाडीचा कार्बोरेटर खालून हवा घेणारा असेल तर एवढं ऐका: फोम लावू नका, डब्याच्या तळाला भोक ठेवा आणि गाडी उभी केली की पेट्रोलची तोटी बंद करा.