शून्यापासून मोज

अकरावीला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल होतं. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर 100 सेंटिमीटर लांबी मी तीनदा ताडून घेतली होती. गोळ्याचा व्यासही व्हर्निअर कॅलिपरनं, झिरो एरर वजा करून घेतलेला. गोळा जरासा ओढून सोडला, मधल्या खुणेवरून जाताना "एक" म्हणत स्टॉपवॉच दाबलं आणि "वीस"ला थांबवलं. 38.2 सेकंद. मग 38.1. पुन्हा 38.2. रीडिंग इतकी जुळल्यावर शंका कशाला येणार? पण गुरुत्वत्वरण आलं 10.8.

बाकीच्या टेबलांवर 9.8 येत होतं. त्यातलं काही आधीच्या बॅचच्या जर्नलमधून आलेलं असायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझाही हात खोडरबराकडे गेला. तेवढ्यात सर आले.

"एककं बघितलीस? मिती?"

दोन्ही बरोबर होतं. मीटर भागिले सेकंदाचा वर्ग, त्यात काहीच खोट नव्हती.

"मग आता दहाच आंदोलनं मोज," एवढंच म्हणून ते पुढे गेले.

18.1 सेकंद आले. म्हणजे आवर्तकाल 1.81, आणि विसांवरून काढलेला 1.91. लंबक तोच, दोरा तोच, मग आवर्तकाल बदलला कसा? बराच वेळ मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. शेवटी वजाबाकी केली: दहा आंदोलनांना 20.1 सेकंद. एकाला 2.01! मी "एक" म्हणत होते तेव्हा एकही आंदोलन पुरं झालेलं नसायचं. वीस म्हणून मी एकोणीसच मोजत होते. काळात पाच टक्क्यांची चूक, आणि सूत्रात काळाचा वर्ग, म्हणून उत्तरात दहा टक्क्यांची.

बटण दाबताना हात कधी लवकर पडतो, कधी उशिरा. ती चूक सरासरीत बरीच निवते. ही मात्र दर वेळी एकाच बाजूला ओढत होती. शंभर रीडिंग घेतली असती तरी ती गेली नसती.

"शून्य" म्हणून सुरुवात केली, 40.2 सेकंद आले. जर्नलमध्ये 10.8 तसंच ठेवलं, खाली कारण लिहिलं आणि त्याखाली 9.8 ± 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता मी स्वतः प्रॅक्टिकल घेते. माझ्यासारखं काम करणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे: 10.8 आलेल्या मुलाचे मार्क कापण्याआधी त्याला दहा आंदोलनं मोजायला सांगा.