ओल आणि स्वर

बेळगावच्या पावसाळ्यात वाडवडिलांचा चावीचा ग्रामोफोन मोटार ठेवण्याच्या खोलीत जाऊन पडतो, तेव्हा आम्हांस त्याची काळजी वाटते. त्याचा खरा शत्रू गारवा नव्हे, ओल होय. दमट, उबदार हवा थंड धातूला लागली की त्यावर दव धरते. तेथून गंज सुरू होतो, पेटीचे सांधे सुटतात. पुष्कळजण यंत्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. त्याने ओल आतच कोंडते. त्यापेक्षा वर सुती चादर असावी, खाली विटांवर फळी असावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर राखावे. ठेवण्यापूर्वी स्प्रिंग पूर्ण उतरू द्यावी. लाखेच्या तबकड्या मात्र तेथे ठेवूच नयेत. त्यांवर बुरशी चढते. घरातील कोरड्या कपाटात त्या सरळ उभ्या ठेवाव्यात. कलत्या राहिल्यास वाकतात. उघडीप मिळताच यंत्र पुसावे, वाजवून पाहावे. बालगंधर्व १९६७ साली गेले. त्यांचा स्वर अशा तबकड्यांतून आजही घरात येतो. मराठी शाळेपासून दुरावलेल्या आपल्या नातवंडांच्या कानी तो पडावयाचा असेल, तर हे यंत्र नुसते जपून भागणार नाही; ते फिरतेही ठेवले पाहिजे.